गृहशास्त्राचे शिक्षक कसे होतात: पदवीपासून नाचणीच्या मोडांपर्यंत

कुळथाची पिठी कोकणात घरोघरी होते आणि सगळीकडे अंदाजाने होते. पीठ किती, पाणी किती असं विचारलं तर ‘बघून घालायचं’ हे उत्तर ठरलेलं. घरी ते चुकीचंही नाही, त्यामागे वर्षानुवर्षांचा हात असतो. पण नववीचा वर्ग, 40 मुलं, आठ पातेली आणि त्यातल्या निम्म्यांनी गॅस कधी पेटवलेला नाही, अशा ठिकाणी ‘बघून घाला’ म्हटलं की आठ तऱ्हांची पिठी होते. दोन-तीन पातेल्यांत गुठळ्या हमखास. तिथे सांगावं लागतं: 30 ग्रॅम पीठ आधी 100 मिलीलीटर गार पाण्यात कालवा, फोडणीत 300 मिलीलीटर पाणी उकळवा, मग कालवलेलं पीठ धार धरून ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. लगेच ‘का’ तेही सांगावं लागतं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडलं की बाहेरच्या थरातलं स्टार्च क्षणात फुगून चिकट होतं आणि आतल्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. गुठळी फोडून बघा, बाहेर खळ आणि आत कोरडं पीठ.

घरात अंदाजाने चालतं ते वर्गात मापाने करून दाखवणं आणि त्याचं कारण सांगणं, एवढं गृहशास्त्राच्या शिक्षकाचं काम आहे. ‘स्वयंपाक शिकवायला पदवी कशाला?’ असं विचारणाऱ्यांना हा विषय कुठून आला ते माहीत नसतं. एलेन स्वॅलो रिचर्ड्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ. पाण्याच्या आणि अन्नाच्या शुद्धतेची तपासणी हे त्यांचं काम. 1899 मध्ये लेक प्लॅसिड इथे भरलेल्या परिषदेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या विषयाला नाव आणि आराखडा दिला. म्हणजे मूळ प्रयोगशाळेत आहे, चुलीपाशी नाही. आपल्याकडचा धागा थेट कोकणात येतो. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती आणि तिने या कल्पनेला चालना दिली.

आता विषयाच्या पाच शाखा मानतात: अन्न व पोषण, मानव विकास, वस्त्र व परिधान, संसाधन व्यवस्थापन (घरातला पैसा, वेळ, वस्तू यांचं नियोजन), आणि विस्तार शिक्षण (हे ज्ञान लोकांपर्यंत पोचवणं). पदवीत पाचही शिकाव्या लागतात. शाळेत शिकवताना मात्र पहिल्या तीन जास्त लागतात.

आधी जागा कुठे आहेत ते बघा

बरेच जण हे शेवटी बघतात आणि तिथेच फसतात. राज्य मंडळाच्या दहावीत गृहशास्त्र हा सगळ्यांसाठीचा स्वतंत्र विषय नाही. ‘शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र’ असा पेपर आहे, पण तो दिव्यांग विद्यार्थ्यांना पर्याय म्हणून दिलेला. बारावीला गृहव्यवस्थापन, बालविकास, वस्त्रशास्त्र, अन्नशास्त्र व तंत्रज्ञान असे विषय आहेत, पण ते थोड्याच कनिष्ठ महाविद्यालयांत चालतात. सीबीएसईत गृहविज्ञान नववीपासून बारावीपर्यंत आहे, विषय क्रमांक 064, पण तोही शाळेने घेतला असेल तर.

राज्य मंडळाच्या माध्यमिक शाळेत हा विषय दुसऱ्या दारांनी येतो. विज्ञानातला आहार आणि आरोग्य, कार्यानुभव, परसबाग, शालेय पोषण आहाराची देखरेख, आणि व्यवसाय शिक्षण. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमातून पुढे आलेल्या बहुकौशल्य अभ्यासक्रमात शेती, ऊर्जा, कार्यशाळा यांच्या जोडीला गृह-आरोग्य हा विभाग आहेच. ही पदं बरेचदा करारावर, बाहेरच्या संस्थेमार्फत भरली जातात. नियुक्तीपत्र हातात आलं की त्यावर ‘शिक्षक’ लिहिलंय की ‘व्यवसाय प्रशिक्षक’, हे आधी वाचायचं. पगार, सेवाज्येष्ठता, बदली सगळं त्या एका शब्दावर ठरतं.

त्यामुळे आमचं स्पष्ट मत असं: फक्त गृहशास्त्राच्या जागेची वाट बघणार असाल तर कोकणात ती वाट लांब आहे. पदवी अशी घ्या की विज्ञानही शिकवता येईल, किंवा पदव्युत्तर पदवी करून बारावीच्या विषयाला पात्र व्हा.

दहावीनंतरचा रस्ता

खरा फाटा अकरावीलाच आहे. विज्ञान शाखा घेतली तर पुढे सगळी दारं उघडी राहतात. कला शाखेतून गृहअर्थशास्त्र घेऊन बी.ए. करता येतं, पण त्या पदवीवर विज्ञान शिकवायला कोणी देणार नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या मुलीला गृहविज्ञानाच्या पदवीसाठी बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते: न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, माटुंग्याचं नाणावटी गृहविज्ञान महाविद्यालय, एसएनडीटीचा जुहू परिसर. खर्च धरताना फीपेक्षा वसतिगृह आधी धरा. मुलगेही या विषयाचे शिक्षक होऊ शकतात, पण एसएनडीटी महिलांचंच विद्यापीठ आहे. त्यांच्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठातली सामुदायिक विज्ञानाची चार वर्षांची पदवी हा एक मार्ग, त्याला बारावी विज्ञान लागतं. ‘सामुदायिक विज्ञान’ म्हणजे कृषी विद्यापीठांतल्या गृहविज्ञानाचंच नवं नाव. इथे एक व्यावहारिक सूचना. गृहविज्ञान, गृहशास्त्र, गृहअर्थशास्त्र, सामुदायिक विज्ञान ही नावं बोलताना एकच वाटतात, पण कागदपत्र तपासणाऱ्याला ती चार वेगळी नावं दिसतात. जाहिरातीतलं नाव आणि तुमच्या पदवीवरचं नाव जुळत नसेल तर समकक्षतेचं पत्र विद्यापीठाकडून आधीच मागून ठेवा. भरतीच्या आठवड्यात ते मिळत नाही.

मग बी.एड. माध्यमिकला पदवी किमान 50 टक्क्यांनी आणि बी.एड. हवं, उच्च माध्यमिकला त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी 50 टक्क्यांनी आणि बी.एड., ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची 2014 ची अट. राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत आहे. बी.एड. दोन वर्षांचं. प्रवेशासाठी राज्याची सीईटी, साधारण मार्च-एप्रिलमध्ये: 100 प्रश्न, 90 मिनिटं, त्यात मानसिक क्षमता 40, सामान्य ज्ञान 30, शिक्षक अभियोग्यता 30, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा अवघड नाही. मुलं अडतात ती कागदांवर. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास हे दाखले तहसील-प्रांत कार्यालयातून यायला वेळ लागतो. सीईटीचा अर्ज भरला त्याच आठवड्यात दाखल्यांचे अर्ज टाकायचे, निकालाची वाट बघायची नाही.

बी.एड.ला प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला एकच प्रश्न विचारा: गृहशास्त्राची अध्यापन पद्धती, म्हणजे हा विषय कसा शिकवायचा याचा पेपर, तुमच्याकडे आहे का? पुष्कळ ठिकाणी ती नसते. नसेल तर विज्ञानाची पद्धती घ्या आणि सरावाचे पाठ आहार, पचन, सूक्ष्मजीव या घटकांवर मागून घ्या. शिक्षण विज्ञानाचं झालं तरी हात गृहशास्त्राला बसतो.

बी.एड. झाल्यावर दोन परीक्षा येतात आणि त्यांची नावं ऐकायला इतकी सारखी की दुकानात चुकीचं पुस्तक हातात पडतं. टीईटी ही पात्रता परीक्षा पहिली ते आठवीसाठी. तिचा दुसरा पेपर सहावी ते आठवीचा, 150 गुणांचा, खुल्या गटाला 60 टक्के लागतात. नववी-दहावीला ती लागत नाही, पण खेड्यातल्या हायस्कुलात आठवीचा वर्ग असतोच, म्हणून देऊन ठेवा. टीएआयटी, जिला लोक ‘टेट’ म्हणतात, ती भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: 200 प्रश्न, 120 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. तिच्या गुणांवर शासनाच्या ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून अनुदानित शाळांची भरती होते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, माध्यमिकला महिना 18,000 रुपये मानधनावर. घरून डबा नेता येईल अशी शाळा मिळाली तर बरं, खोली घेऊन राहायचं तर हिशेब जड जातो.

दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन, पदवीची तीन किंवा चार, बी.एड.ची दोन, अशी सात-आठ वर्षं झाली.

बी.एड.मध्ये नक्की काय शिकवतात

पहिली गंमत सूक्ष्म अध्यापनाची. पाच-दहा सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात आणि तुम्ही एकच कौशल्य घेऊन सहा मिनिटांचा पाठ देता: सज्जता प्रवर्तन (पाठाची सुरुवात करून मुलांना तयार करणं), प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, दाखले देणं, प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन), चेतक बदल (आवाज, हावभाव बदलून लक्ष टिकवणं), फलकलेखन यांपैकी एक. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते ऐकणं), बारा मिनिटं नव्याने आखणी, पुन्हा सहा मिनिटं पाठ, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण 36 मिनिटांचं चक्र. नवख्यांना हे नाटकी वाटतं. गृहशास्त्राच्या शिक्षकाला यातलं सगळ्यात उपयोगी पडतं ते स्पष्टीकरण कौशल्य, कारण हाताने काम चालू असताना तोंडाने कारण सांगायचं असतं. बहुतेकांना यातलं एकच जमतं. कणीक मळायला लागले की गप्प होतात, बोलायला लागले की हात थांबतो.

मग शालेय आंतरवासिता. दोन वर्षांत मिळून 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. इथे पाठटाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, लिहावं लागतं, आणि सगळ्यात जास्त खाडाखोड उद्दिष्टांत होते. ‘विद्यार्थ्यांना समतोल आहाराची माहिती होते’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘विद्यार्थी दिलेल्या पाच पदार्थांचं वजन करून एका जेवणातलं कॅल्शियम काढतात’ हे तपासता येतं. वाक्याच्या शेवटी असं क्रियापद हवं की मुलाने ते केलं की नाही हे डोळ्यांनी दिसावं.

हेच उदाहरण पुढे नेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलीग्रॅम कॅल्शियम, तर सडलेल्या तांदळात जेमतेम 7-8. 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 1,000 मिलीग्रॅम लागतं. 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर दोन भाकऱ्यांत गरजेचा तिसरा हिस्सा निघतो. हा हिशेब मुलांनी स्वतः केला की ‘नाचणी पौष्टिक असते’ हे वाक्य फळ्यावर लिहावंच लागत नाही. चूक कुठे होते? तक्त्यातले आकडे कच्च्या धान्याचे आणि मुलं वजन करतात शिजवलेल्या भाताचं. 100 ग्रॅम तांदळाचा भात 250 ते 300 ग्रॅम भरतो, त्यामुळे सगळी उत्तरं अडीच-तीनपट फुगतात. वजन शिजवण्याआधी करायचं, हे पाठटाचणात ठळक लिहून ठेवा.

दुसरी ठरलेली चूक शिक्षकाचीच. आंबट म्हणजे सी जीवनसत्त्व, असं सरळ सांगून मोकळं होणं. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आहे. कुळथातलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा किंवा आवळा द्या, आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण त्यातले टॅनिन लोह अडवतात. सोलकढी रुचीला आहेच, तिच्यावर सी जीवनसत्त्वाचं ओझं टाकू नका.

शब्दांचंही भान लागतं. देशावरच्या पुस्तकात ‘हुलगे’ छापलेलं असतं, मुलगा घरी कुळीथ खातो. पुस्तकात ‘कोकम फळ’, तोंडात ‘रातांबा’. वर्गाच्या सुरुवातीला दोन्ही शब्द फळ्यावर एकमेकांसमोर लिहिले की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

एक प्रात्यक्षिक, पहिल्यापासून शेवटपर्यंत

नाचणीचं सत्त्व. शिकायला सोपं वाटतं आणि पावसाळ्यात हमखास बिघडतं, म्हणून सरावाला उत्तम.

वर्ग 40 चा, गट आठ, प्रत्येकी 100 ग्रॅम नाचणी, म्हणजे 800 ग्रॅम आणा आणि 200 ग्रॅम जास्तीची, कारण एखादा गट सांडतोच. तास 35 मिनिटांचा असतो, त्यात हे बसत नाही. वेळापत्रक आठवड्याचं करावं लागतं. सोमवारी शाळा सुटताना नाचणी निवडून, तीनदा धुऊन, 300 मिलीलीटर पाण्यात भिजत घालायची. मंगळवारी पहिल्या तासाला पाणी पूर्ण निथळून ओल्या पातळ सुती कापडात सैल बांधायची. ‘सैल’ हा शब्द महत्त्वाचा: करकचून बांधलं की आत हवा जात नाही, मधले दाणे गरम होऊन आंबतात. दिवसातून दोनदा कापडावर पाणी शिंपडायचं. बुधवारी दुपारी बारीक पांढरे मोड दिसतात. मोड दाण्याएवढे झाले की थांबायचं. लांब वाढू दिले तर दाण्यातलं पीठ कोंबातच खर्च होतं.

आता वाळवण. ऑक्टोबरनंतर उन्हात एक-दोन दिवसांत काम होतं. जुलैत हवेतच इतका दमटपणा की दाणे वाळण्याआधी बुरशी धरते, आणि बुरशीचा वास आलेलं सत्त्व टाकूनच द्यायचं, भाजून वास जाईल पण विष जाईलच असं नाही. म्हणून पावसाळ्यात मोड आले त्याच दिवशी स्वच्छ कापडावर एकेरी थर पसरून पंख्याखाली रात्रभर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत परतायचे. आच मोठी केली तर बाहेरून करपतो आणि आत ओल राहते. तसं पीठ आठवड्यात खवट-कुबट होतं.

दळायला मिक्सर धरू नका. तुमच्या पाठाच्या दिवशी वीज जाणारच असं समजून चाला. गावात एखादं जातं अजून असतं, नाहीतर पाटा-वरवंटा. पीठ वस्त्रगाळ करायचं.

प्रत्येक टप्प्यावर वजन हा या प्रात्यक्षिकाचा जीव आहे: कोरडी नाचणी, भिजलेली, मोड आलेली, वाळलेली, गाळलेलं पीठ. पाच आकड्यांची एक ओळ प्रत्येक गटाच्या वहीत हवी. शेवटच्या आकड्यात दोन गटांत 15 ग्रॅमचा फरक आला तर तो का आला यावर दहा मिनिटं बोला. चाळणीवर राहिलेला कोंडा, सांडलेलं, की न वाळलेली ओल? विज्ञान इथेच शिकवून होतं.

कॅलेंडर कोकणाचं, अभ्यासक्रम पुण्याचा

वार्षिक नियोजन करताना पुस्तकाचा क्रम जसाच्या तसा उचलला की फजिती ठरलेली. रातांबे एप्रिल-मेमध्ये येतात, तेव्हा शाळेला सुट्टी. त्यामुळे फळसंरक्षणाचा पाठ कोकमावर घ्यायचा तर परीक्षा संपता-संपता पहिल्या तोडीवर घ्या, नाहीतर आवळ्यावर, हिवाळ्यात. सरबताच्या गोड पाकाचं गणित मात्र शिकवून ठेवा. सालीत साधारण चार-पंचमांश पाणीच असतं. 1 किलो सालीला 2 किलो साखर घातली तर मिश्रणातले विद्राव्य घटक 70 टक्क्यांच्या वर जातात, आणि 65 टक्क्यांच्या पुढे यीस्टला वाढायला पाणी उरत नाही. काटकसर म्हणून 1 किलोच साखर घातली तर आकडा 60 च्या आसपास अडकतो आणि बाटली महिन्याभरात फसफसते. ‘आजी तर एवढीच घालायची’ असं कोणी म्हणेल. आजी साखरेबरोबर मीठही घालायची का, ते विचारा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, साधारण 1 जून ते 31 जुलै. तेव्हा प्रथिनांचा पाठ ताज्या बांगड्यावर लिहिलात तर बाजारात बांगडा नाही. त्या महिन्यांत सुकट, सुके बोंबील किंवा खारवलेला बांगडा घ्या आणि त्यातून वेगळाच धडा निघतो: खारवलेले मासे पावसात का ओलावतात? मीठ हवेतला ओलावा ओढतं. उघड्या टोपलीतले आणि घट्ट झाकणाच्या डब्यातले, असे दोन नमुने आठवडाभर ठेवून वजन करा. वर्गात शाकाहारी मुलं असतात, त्यांच्या गटाला कुळीथ किंवा वाल द्या आणि वाटणी आदल्या दिवशी ठरवा. ऐनवेळी विचारलं की मूल अवघडतं.

टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या पहिल्या पावसाच्या. अळू घेणार असाल तर खाज कशाची ते आधी सांगा: पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. पूर्ण शिजवायचं आणि चिंच किंवा आमसूल घालायचं. अर्धकच्चं अळू वर्गात चाखायला दिलं तर पुढचा तास पाणी पाजण्यात जातो.

कापड, सुई आणि दमट हवा

शिवणाची सुरुवात यंत्रावर करू नका. धावदोरा, उलटी शिलाई, तुरपाई, काजाचा टाका, बटण लावणं, एवढं हाताने आलं की मग यंत्र. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच, साधारण 45 सेंटिमीटर. मुलं कंटाळा टाळायला मीटरभर ओवतात आणि मग गाठी सोडवत बसतात.

यंत्रावरच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या दोनच कारणांनी येतात. खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास दिसतात, तेव्हा मुलं बॉबिनला दोष देतात. खरं तर वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. दाबपट्टी वर उचलूनच दोरा ओवायचा, खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात. दुसरं, टाके सुटतात ते सुई उलटी किंवा अर्धवट बसवल्याने. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई पुरते. पावसाळ्यात सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापडाचा धागा ओढते. म्हणून तेल लावलेल्या फडक्यात ठेवा, आणि यंत्राला तेल दिल्यावर पहिली शिलाई जुन्या चिंधीवर.

कपडा आटण्याचा प्रयोग खर्चाविना होतो. कोऱ्या सुती कापडाचा 25 सेंटिमीटर चौरस कापा, त्यावर न पुसणाऱ्या पेनाने 20 सेंटिमीटरच्या दोन खुणा, एक उभ्या दिशेने आणि एक आडव्या. धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. उभी खूण 19 वर आली तर 5 टक्के आटलं. उभा धागा विणताना ताणलेला असतो, भिजल्यावर तो ताण सोडतो, म्हणून उभ्या दिशेला आटणं जास्त. गणवेशाचं कापड शिवायच्या आधी का भिजवतात, हे मग विचारावं लागत नाही.

गॅस, आग आणि गुण

प्रयोगशाळा म्हणजे बरेचदा कौलारू इमारतीतला एक रिकामा वर्ग आणि एक शेगडी. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, नळी आयएसआय खुणेची आणि तिच्यावरची मुदत वाचलेली. हा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद दोन्ही करायचं नाही. तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, झाकण. पाणी खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल उडवतं. हे सगळं पहिल्या तासाला, मुलांकडून रिकाम्या कढईवर करवून घ्यायचं. एका शेगडीवर एका वेळी दोनच जण, ओढणी आत खोचलेली, केस बांधलेले.

गुण चवीला देऊ नका. ज्याच्या घरी मसाला चांगला तो जिंकतो. 30 गुणांची वाटणी अशी करून बघा: पूर्वतयारी 5, मोजमाप 5, कृती 10, स्वच्छता 5, नोंदवही 5. मुलांना ती आधी दाखवा. मुलगे भांडी घासायला मागे राहतात आणि मुली सगळं आवरतात असं दिसलं तर स्वच्छतेचे गुण गटाला नको, व्यक्तीला द्या. दुसऱ्याच आठवड्यात फरक दिसतो.

मानव विकासासाठी अंगणवाडीला एक भेट पुरे, पण तयारीने. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते: सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. विद्यार्थ्यांनी बघायचं, ताईंनी मोजायचं, आणि कुठल्या बाळाचा रंग कोणता आला हे कोणी मोठ्याने बोलायचं नाही. बाळाची आई तिथेच उभी असते, आणि गाव लहान असतं.

आंतरवासितेला जाताना स्वतःची पिशवी न्या, शाळेत काही असेलच असं धरू नका: 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि जास्तीचे सेल, 5 आणि 15 मिलीलीटरचे मापचमचे, 150 मिलीलीटरची एक वाटी, मोजपट्टी, दोन सुती पंचे, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत. काटा दमट हवेत भरकटतो, म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी तो तपासायचा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून मोजनळी आणा, रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर घ्या आणि त्यात 100 मिलीलीटर पाणी ओता. आकडा 98 ते 102 च्या बाहेर गेला तर आधी सेल बदला, मग नाचणी काढा.